बसण्याचं दुखणं : माकडहाडाच्या शस्त्रक्रियेविषयी

उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये टॉवर चौकातून कुठल्याही रस्त्याला लागा, दवाखान्यांच्या पाट्या आणि दिवसभर बसून पोट भरणारी माणसं हमखास दिसतात. कापडाच्या दुकानात गादीवर मांडी घालून थान उलगडणारे दुकानदार, बँकेच्या काउंटरमागचे कर्मचारी, शिलाई मशीनवर वाकलेल्या बायका, क्लासच्या अरुंद बाकांवर तासन्‌तास बसणारी मुलं. पाट्यांवर सांधे असतात, मणका असतो, मूळव्याध-भगंदर असतं, स्त्रीरोग असतात. माकडहाडाची पाटी मात्र सहसा कुणी लावत नाही. त्यामुळे ते दुखायला लागलं की जायचं कुणाकडे, इथपासूनच अडचण सुरू होते. कुणी मूळव्याधीच्या डॉक्टरकडे जातं, कुणी हाडांच्या. बायका जमलंच तर स्त्रीरोगतज्ज्ञाच्या कानावर घालतात. आणि बरेच जण कुणालाच काही न सांगता खुर्चीच्या कडेला एका कुल्ल्यावर बसायची सवय लावून घेतात.

ही पुस्तिका त्या गप्प बसलेल्यांसाठी आहे. तिचा मुख्य विषय शस्त्रक्रिया हा आहे. महिनोन्‌महिने उपचार करूनही ज्यांचं दुखणं हटत नाही, त्यांचं माकडहाड काढून टाकण्याचं ऑपरेशन. पण ते ऑपरेशन कुणासाठी आणि कुणासाठी नाही हे समजायचं तर त्याआधीचा सगळा रस्ता पाहावा लागतो, म्हणून प्रस्तावना थोडी लांबली आहे.

आधी त्या हाडाकडे पाहू. पाठीचा कणा खाली उतरत उतरत त्रिकास्थीपाशी रुंद होतो आणि तिच्या टोकाला तीन ते पाच, बहुतेकांमध्ये चार, छोटे मणके पुढच्या बाजूला वळून लटकतात. हेच माकडहाड. बोटाच्या दोन पेरांएवढा हा ऐवज निरुपयोगी समजला जातो, पण तसं नाही. ओटीपोटाचा तळ तोलून धरणारे स्नायू त्याला बांधलेले असतात, नितंबाच्या मोठ्या स्नायूचे काही तंतू त्यावर येतात, गुदद्वाराच्या मागचा बंध त्याच्याच टोकाला असतो. शिवाय माणूस मागे रेलून बसला की दोन बाजूंच्या बैठकीच्या हाडांबरोबर तिसरा टेकू या हाडाचा होतो. म्हणून ज्याचं माकडहाड दुखतं तो नकळत पुढे झुकून बसतो. भार पुढे गेला की तिसरा टेकू सुटतो आणि जरा बरं वाटतं.

हे दुखणं ओळखायची एक साधी खूण आहे. कंबरदुखीचा रुग्ण दुखणारी जागा पूर्ण तळव्यानं दाखवतो, माकडहाडाचा रुग्ण एका बोटानं. ‘काकू, नेमकं कुठं?’ असं विचारल्यावर बाई आधी नेमानं कमरेवर हात ठेवतात, कारण खोलीत मुलगा उभा असतो, कधी सासरे असतात. मुलगा बाहेर गेला आणि ‘आता एका बोटानं दाखवा बघू’ असं म्हटलं की बोट बरोबर त्या टोकावर जातं. दुखणं बसल्यावर वाढतं, कडक जागेवर जास्त. आणि पुष्कळांना बसून उठताना, त्या एका क्षणाला, अशी कळ येते की टेबलाला धरावं लागतं. ही उठतानाची कळ महत्त्वाची आहे. हाडाच्या सांध्यात गैर हालचाल असल्याचा तो मोठा इशारा असतो, तो पुढे एक्स-रेमध्ये कसा दिसतो ते येईलच.

कारणं शोधायला उज्जैनमध्ये लांब जावं लागत नाही. रामघाटाच्या पायऱ्या शेवाळाने बुळबुळीत झालेल्या असतात. पर्वणीच्या स्नानाला आलेला माणूस पाय सरकून धपकन खाली बसतो आणि सगळा भार त्या टोकावर येतो. मोटरसायकलवर मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बाईला गतिरोधकावर तोच दणका बसतो, फक्त हप्त्याहप्त्यानं. न्हाणीघरातलं घसरणं आहे, अवघड बाळंतपण आहे. आणि अनेकांच्या बाबतीत कारण शेवटपर्यंत सापडत नाही. स्त्रियांमध्ये हे दुखणं पुरुषांपेक्षा सुमारे पाचपट आढळतं, असं वैद्यकीय ग्रंथ सांगतात. स्त्रीचा कटिबंध रुंद, त्यात माकडहाड अधिक उघडं पडतं, आणि प्रसूतीच्या वेळी बाळाच्या डोक्याचा दाब त्यावरूनच जातो.

स्त्रियांचं दुखणं म्हणूनच ते इतकी वर्षं दुर्लक्षित राहिलं, असं म्हणायला पुरेसा आधार आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातल्या वैद्यकीय लेखनात या रुग्णांवर मनाच्या दुबळेपणाचा, उन्मादाचा शिक्का सहज मारलेला दिसतो. आपल्याकडे तो शिक्का वेगळ्या शब्दांत मारला जातो: ‘बायकांना काहीतरी दुखतच असतं.’ त्यात जागा अशी की घरात बोलायची चोरी. तपासणीही अवघड. नीट निदान करायचं तर डॉक्टरला हातमोजा घालून गुदद्वारातून बोट आत घालून, बाहेर अंगठा ठेवून, हाड दोन बोटांत धरून हलवून पाहावं लागतं. तसं हलवल्यावर रुग्णाची नेहमीची कळ उठली तर जागा पक्की झाली. ही तपासणी मिनिटभराची आहे. बाई रुग्ण असेल तर खोलीत दुसरी बाई असावी, आधी नीट समजावून सांगावं, आणि हो म्हटल्यावरच करावी. इतकी पथ्यं पाळली तर ती टाळण्याचं कारण उरत नाही. ती टाळल्यामुळे मात्र वर्षं वाया जातात.

आता ऑपरेशनचा इतिहास. तो आजच्या रुग्णाला उपयोगी आहे म्हणूनच इथे दिला आहे.

१८४४ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मोबिल शहरातले डॉक्टर जोसाया नॉट यांनी न्यू ऑर्लिन्सच्या वैद्यकीय मासिकात असह्य वेदनेसाठी माकडहाड काढून टाकल्याची हकीकत छापली. बॉस्टनमध्ये ईथरच्या भुलीचं जाहीर प्रात्यक्षिक झालं ते १६ ऑक्टोबर १८४६ रोजी. म्हणजे नॉट यांच्या रुग्णानं हे ऑपरेशन भुलीशिवाय सोसलं. त्या आधीचं दुखणं किती जबर असेल याची कल्पना यावरून यावी. याच नॉट यांनी पुढे गुलामगिरीच्या समर्थनार्थ वंशश्रेष्ठत्वाचे ग्रंथ लिहिले. वैद्यकाच्या इतिहासात त्यांचं नाव घेताना तेही सांगितलंच पाहिजे. १८५९ मध्ये एडिंबरोचे जेम्स यंग सिम्प्सन, म्हणजे प्रसूतीत क्लोरोफॉर्म वापरणारे तेच सिम्प्सन, यांनी या दुखण्याला वैद्यकीय नाव दिलं. हाडाला ओढणारे स्नायूंचे बंध कातडीखालून कापून टाकण्याचा उपायही त्यांनी सुचवला.

पुढे मात्र गाडी घसरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कमरेच्या वाटेल त्या दुखण्याचं खापर माकडहाडावर फुटू लागलं आणि ते सर्रास काढलं जाऊ लागलं. १९३४ मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यामधली चकती सरकून नस दाबली जाते हे दाखवून दिल्यावर, त्यातले कितीतरी रुग्ण मुळात माकडहाडाचे नव्हतेच हे उघड झालं. साहजिकच त्यांचं दुखणं ऑपरेशननंतरही तसंच राहिलेलं होतं. त्यात जखम चिघळण्याचं प्रमाण मोठं. ऑपरेशन बदनाम झालं ते असं. ‘माकडहाडाला हात लावू नये’ हा उपदेश सर्जनांच्या पुढच्या पिढ्यांना मिळाला आणि तो आजही अनेक दवाखान्यांत ऐकू येतो. चुकीच्या माणसांवर केलेल्या ऑपरेशनांची किंमत अशी योग्य माणसांनी मोजली.

१९३७ मध्ये कॅन्सस सिटीचे जॉर्ज थील यांनी वेगळाच विचार मांडला. हाडापेक्षा त्याच्याभोवतीचे आवळलेले स्नायू दुखतात, आणि गुदद्वारातून बोटानं ते हळूहळू चोळून सैल केले तर पुष्कळांना आराम पडतो. थील मसाज या नावानं ही पद्धत अजून वापरात आहे. त्याच वर्षी अल्बर्ट की या अमेरिकन सर्जनांनी हाड वरच्या सांध्यापासून सोडवत खाली येण्याची पद्धत लिहून ठेवली. १९७२ मध्ये गार्डनर यांनी उलट, टोकापासून वर जाण्याची रीत सांगितली. सर्जन आजही या दोन वाटांपैकी एक निवडतात.

या साऱ्यात खरी कलाटणी दिली ती सुरीनं नव्हे, एका स्टुलानं.

पॅरिसच्या ओतेल-द्यू या जुन्या रुग्णालयातले डॉक्टर झाँ-इव्ह मेन्य यांनी १९९० च्या दशकात एक साधा प्रश्न विचारला. दुखतं बसल्यावर, मग एक्स-रे आडवं झोपवून का काढायचा? त्यांनी रुग्णाला आधी दहाएक मिनिटं उभं राहायला सांगितलं, म्हणजे हाड आपल्या मूळ जागी येतं. मग उभ्यानं बाजूचा एक एक्स-रे घेतला. त्यानंतर कडक स्टुलावर, ज्या स्थितीत जास्तीत जास्त दुखतं त्याच स्थितीत बसवून दुसरा. दोन्ही फिल्म त्रिकास्थी जुळवून एकमेकींवर ठेवल्या की माकडहाड बसताना किती हललं ते डोळ्यांना दिसतं. निरोगी माणसाचं हाड बसताना साधारण ५ ते २५ अंश पुढे वळतं. काहींचं त्यापेक्षा जास्त वळतं, म्हणजे सांधा ढिला आहे. काहींचं बसताच मागे निखळतं आणि उभं राहताच परत जागेवर येतं. उठतानाची ती कळ हीच. काहींच्या हाडाला टोकाशी कातडीकडे रोखलेला बारीक काटा वाढलेला असतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या २०८ रुग्णांच्या अभ्यासात जवळपास सत्तर टक्क्यांमध्ये असा काही ना काही दोष सापडला. स्थूल व्यक्तींमध्ये मागे निखळण्याचं प्रमाण जास्त, सडपातळ व्यक्तींमध्ये काट्याचं.

ज्यांना वर्षानुवर्षं ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत’ असं ऐकवलं गेलं होतं, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट! आणि तिला लागतं काय? साधं एक्स-रे मशीन, एक स्टूल आणि ‘बसवून काढा’ असं चिठ्ठीवर लिहिणारा डॉक्टर. फ्रीगंजमधल्या कुठल्याही एक्स-रे केंद्रात हे होऊ शकतं. एमआरआय पुष्कळ महाग आहे आणि झोपवूनच काढतात. त्याची गरज नाही असं नव्हे. क्षयरोग, गाठ, पू किंवा कमरेच्या नसेवरचा दाब शोधायला तो लागतोच. पण बसतानाची हालचाल त्याला दिसत नाही. एमआरआय ‘नॉर्मल’ आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

दुसरी बाजूही इथेच सांगायला हवी. त्या भागात दुखणारं सगळं माकडहाडाचं नसतं. गुदद्वाराची चीर आहे, मूळव्याध आहे. तासन्‌तास बसणाऱ्या तरुणांमध्ये नितंबांच्या फटीत केस आत घुसून होणारा, पू वाहणारा पायलोनायडल सायनस आहे. कमरेच्या चकतीची वेदना खाली उतरू शकते. आपल्या देशात हाडाचा क्षय विसरून चालत नाही. आणि अगदी क्वचित, त्रिकास्थी आणि माकडहाडाच्या जागेलाच धरून वाढणारी कॉर्डोमा नावाची कर्करोगाची गाठ असते. रात्री झोपेतही दुखणं, ताप, वजन उतरणं, पायात बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही असेल तर उशी आणि मलमांमध्ये वेळ न घालवता पुढच्या तपासण्या करून घ्याव्यात.

बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं पुष्कळदा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, आपोआप निवळतं. त्या काळात भार हलका ठेवणं हाच मुख्य उपचार. बाजारात मिळणारी गोल, मध्ये भोक असलेली रबरी उशी यासाठी फारशी कामाची नाही. ती मूळव्याधीच्या रुग्णांसाठी ठीक, पण माकडहाड तिच्या मागच्या कडेवरच टेकतं. हवी ती मागच्या बाजूला इंग्रजी यू अक्षरासारखी खाच असलेली, पुढे थोडी उतरती उशी. तयार मिळाली नाही तर गाद्यांच्या दुकानातून कडक फोमचा तुकडा घेऊन, बसल्यावर हाड जिथे येतं तिथे मागून चार-पाच इंच रुंदीची खाच कापून घेता येते. फोम मऊ नको, नाहीतर खाच दबून तळाला टेकते. याच्या जोडीला शेक, डॉक्टरांनी दिलेली दाहशामक गोळी, आणि शौचाला कुंथावं लागू नये म्हणून पाणी, भाजी आणि रात्रीचा इसबगोल. दर अर्ध्या तासानं उठून चार पावलं चालणं हे लिहायला क्षुल्लक वाटतं, पण दुकानदार माणसाला तेच सगळ्यात जड जातं.

एवढ्यानं भागलं नाही तर इंजेक्शन येतं. सांध्यापाशी किंवा दुखऱ्या टोकापाशी स्टेरॉइड आणि भुलीचं औषध दिलं जातं, शक्यतो एक्स-रेच्या पडद्यावर पाहून. इंग्लंडमधल्या रे, ईसम आणि हॉस्किन्सन या सर्जनांनी १९९१ मध्ये १२० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, तो आजही आधाराला घेतला जातो. नुसत्या इंजेक्शननं सुमारे ६० टक्क्यांना आराम पडला. भूल देऊन हाड हलवून मोकळं करणं आणि इंजेक्शन दोन्ही मिळून सुमारे ८५ टक्क्यांना. त्यांच्याकडे फिजिओथेरपीचा फारसा उपयोग झाला नाही. पण ती त्या काळची, यंत्रांनी शेक देण्याच्या धाटणीची होती. आज ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल करायला शिकवणारी जी फिजिओथेरपी आहे, तिला त्या आकड्यांवरून निकालात काढणं अन्यायाचं होईल. याउलट हातानं हाड हलवण्याच्या उपचाराबद्दल फार मोठ्या आशाही बाळगू नयेत. मेन्य यांनी १०२ रुग्णांवर केलेल्या तुलनात्मक चाचणीत सहा महिन्यांनी चांगला गुण आलेले होते २२ टक्के, आणि खोटा उपचार दिलेल्या गटात १२ टक्के. फरक आहे, पण थोडा. माकडहाडाच्या पुढ्यात असलेल्या गँग्लिऑन इम्पार या नसांच्या गाठीला इंजेक्शन देऊन वेदनेचा निरोपच अडवण्याची रीत १९९० पासून रूढ झाली आहे. वेदनाशमनाचे तज्ज्ञ ती करतात.

आणि तरीही काही माणसं उरतात. रे यांच्या १२० पैकी जवळजवळ पाचव्या हिश्शाला शेवटी ऑपरेशन करावं लागलं, आणि त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त जणांना त्याचा फायदा झाला. मेन्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ३७ ऑपरेशनांचे निकाल दिले: २३ उत्तम, ११ चांगले, ३ वाईट. बदनाम ऑपरेशनाचे निकाल इतके चांगले कसे? उत्तर त्यांच्या निवडीत आहे. या सदतिसांच्या हाडाची गैर हालचाल बसवून काढलेल्या एक्स-रेमध्ये आधी दिसलेली होती. दोष दिसला, तोच काढला, म्हणून दुखणं गेलं. अमेरिकेतल्या हॅनले आणि सहकाऱ्यांचा ९८ रुग्णांचा अभ्यास २०१६ मध्ये आला. त्यातही बहुसंख्यांना फायदा झाला. पण ज्यांना आधीपासून अनेक इतर व्याधी होत्या किंवा जे ऑपरेशनपूर्वीच अफूवर्गातली तीव्र वेदनाशामकं घेत होते, त्यांच्यात अपयश जास्त दिसलं. या पुस्तिकेचा सगळा आग्रह इथे आहे. ऑपरेशन वाईट आहे की चांगलं, या वादात रुग्णानं पडू नये. त्यानं विचारावं: माझ्या हाडात नेमका काय दोष दिसला, आणि तिथे दिलेल्या भुलीच्या इंजेक्शननं माझं दुखणं तेवढ्या वेळापुरतं तरी थांबलं का? दोन्हींचं उत्तर ठाम असेल तर ऑपरेशनचा विचार करायला जागा आहे. नसेल तर थांबावं. सहा महिने नीट उपचार झाल्याशिवाय तर तो विषयही काढू नये.

ऑपरेशन स्वतः फार लांबलचक नसतं. आधी एनिमा देऊन आतडं रिकामं करतात, प्रतिजैविकं शिरेतून देतात, पूर्ण किंवा कमरेतून भूल देऊन रुग्णाला पालथं झोपवतात. नितंबांच्या फटीत, गुदद्वाराच्या वर थोडं अंतर राखून, काही सेंटिमीटरचा उभा छेद घेतात. मग सर्जन हाडाला अगदी लगटून, हाडावरचं आवरणसुद्धा शक्यतो जागेवर ठेवून, ते सुटं करतो. कारण हाडाच्या लगेच पुढे गुदाशय आहे आणि त्याला धक्का लागता कामा नये. सगळं हाड किंवा फक्त ढिला भाग काढतात, त्रिकास्थीचं उरलेलं टोक घासून गुळगुळीत करतात, आणि सुटलेले स्नायू-बंध एकमेकांना शिवून टाकतात. ‘हाड गेल्यावर संडासवरचा ताबा जाईल का?’ हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण दबक्या आवाजात विचारतो. त्याचं उत्तर याच टाक्यांमध्ये आहे. स्नायू पुन्हा बांधलेले असतात, त्यामुळे सहसा ताबा जात नाही. गुदाशयाला इजा किंवा तळ सैल पडून आतला भाग खाली येणं, हे घडल्याच्या नोंदी आहेत, पण त्या फार थोड्या.

खरी डोकेदुखी जखमेची. जागा घामाची, दोन्ही बाजूंनी घासली जाणारी आणि गुदद्वाराजवळची. जंतुसंसर्ग आणि जखम उसवणं ही या ऑपरेशनची सगळ्यात नेहमीची गुंतागुंत. मधुमेह असेल, विडी-सिगारेट किंवा तंबाखू चालू असेल, तर धोका वाढतो. माळव्यात तंबाखूची पुडी किती खिशांत असते हे सांगायला नको. तारीख ठरण्याआधीच ती सुटलेली हवी. या जखमेवर मुंबईत काम झालेलं आहे. बॉम्बे हॉस्पिटलमधले मणक्याचे सर्जन अरविंद कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘ग्लोबल स्पाइन जर्नल’मध्ये आपल्या रुग्णांचा अनुभव मांडला. छेद सरळ रेषेत न शिवता इंग्रजी झेड अक्षराच्या वळणानं कातडीचे पदर आलटूनपालटून बसवायचे, म्हणजे टाक्यांची रेघ त्या खोल फटीच्या तळाशी एका ओळीत पडत नाही आणि ताण वाटला जातो. भाजलेल्या किंवा आखडलेल्या कातडीसाठी प्लास्टिक सर्जन ही युक्ती पूर्वीपासून वापरत आले आहेत. ती इथे आणली हे शहाणपणाचं झालं. गट लहान होता, तेव्हा त्यावरून सरसकट नियम काढता येणार नाही. पण आपल्या उष्ण, घामट हवेत जखमेची अशी काळजी घेणारा विचार आपल्याच सर्जनांकडून आला, याची नोंद घ्यायलाच हवी.

फ्रीगंजच्या माणसाच्या दृष्टीनं पुढचा प्रश्न कुठं जायचं हा. पहिली तपासणी, बसून-उभं राहून काढलेले एक्स-रे, उशी, औषधं, फिजिओथेरपी हे सगळं उज्जैनमध्येच व्हावं आणि होऊ शकतं. माधवनगरचं सरकारी रुग्णालय फ्रीगंजमध्येच आहे. सुरासा इथं आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालय आहे. ऑपरेशनसाठी मात्र हे हाड याआधी काढलेला, मणक्याचं काम नेहमी करणारा सर्जन हवा. त्यासाठी सुमारे ५५ किलोमीटरवरचं इंदूर किंवा अवंतिका एक्स्प्रेसनं एका रात्रीवरची मुंबई गाठावी लागली तर लागू द्यावी. ‘तुम्ही अशी किती ऑपरेशनं केलीत, आणि त्यातल्या किती जखमा चिघळल्या?’ हे विचारायला इथले लोक, विशेषतः घरातल्या वडीलधाऱ्या बायका, फार संकोचतात. डॉक्टरसाहेबांना असं कसं विचारायचं! विचारायचं. चांगला सर्जन या प्रश्नानं रागावत नाही.

ऑपरेशननंतर सुधारणा सावकाश होते, आणि ते आधी सांगितलं नाही तर घरचे घाबरतात. पहिले काही आठवडे पाठीवर झोपायचं नाही, कुशीवर किंवा पालथं. बसायचं ते डॉक्टर सांगतील तेवढंच, खाच असलेल्या उशीवर. शौचानंतर पुढून मागे धुवायचं, जागा टिपून कोरडी करायची, आणि मळ घट्ट होऊ द्यायचा नाही. ड्रेसिंग ओलं दिसलं, वास आला, ताप आला, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. दुखणं टाक्यांबरोबर निघून जात नाही. मेन्य यांच्या रुग्णांना पूर्ण फरक जाणवायला चार ते आठ महिने लागले, काहींना याहून जास्त लागतात. तिसऱ्या महिन्यात ‘पैसे पाण्यात गेले’ असं ठरवून टाकणारी माणसं आठव्या महिन्यात आरामात बसलेली असू शकतात. मुंबईहून परतताना गाडीत खालचा बर्थ मागून घ्यावा आणि पूर्ण प्रवास कुशीवर करावा. बसून येण्याचा हट्ट नको.

एक काम नातेवाइकांचं. काढलेलं हाड सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला पाठवलं का, हे डिस्चार्जच्या आधी विचारावं. बहुतेकदा अहवालात झीज आणि ढिलेपणाच्याच खुणा येतात. पण क्वचित एखाद्या हाडात क्षय किंवा गाठ लपलेली निघते आणि मग उपचाराची दिशाच बदलते. तो अहवाल आणि ऑपरेशनआधीचे दोन्ही एक्स-रे, उभ्याचा आणि बसल्याचा, एकाच फाइलमध्ये घरी ठेवावेत. हॉस्पिटल प्रती देतं, पण मागितल्या तर. पुढे कधी कुणी नवा डॉक्टर ‘तुमचं माकडहाड का काढलं होतं?’ असं विचारेल, तेव्हा ती फाइल त्याच्या हातात देता यायला हवी.